पदराआडचं गाणं

मुलांनो, तुमची आई शाळेत होती तेव्हा, सत्तर-पंचाहत्तरच्या सुमारास, मी वज्रेश्वरीहून एसटीने भिवंडीला परतत होते. शेजारी एक धवलारीण बसली होती, म्हणजे आगऱ्यांकडे धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन लग्न लावणारी बाई. जुन्या धवल्यांत ती स्वतःच्या ओळीही घालायची. बोलताना तिचा हात सारखा गळ्याशी जाई.

"परवा एका हळदीला पोरं बोल्ली, म्हातारे, बस झाला तुजा रडगाना, आता रेकॉर्ड लावूंदे. उद्या माज्या नातीचा लगीन हाय. गाऊ का नको, बाय? तू शिकलेली दिसतेस. आयक नि सांग."

तिने तोंडावर पदर धरला आणि गायली. एसटीच्या खडखडाटात मला एक शब्दही ऐकू आला नाही. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, "फार छान!"

तिने पदर खाली घेतला.

"तुला आयकूच आला न्हाय, बाय. पोरांनी आयकला तरी."

नाक्यावर ती उतरली. नातीच्या लग्नात ती गायली का, मला कधीच कळलं नाही.

तुमची चित्रं टपालाने येतात, तेव्हा माझं उत्तर उशिरा येतं. आधी मी ती नीट बघते.