शिंगे सर आणि फळ्यावर न टिकलेलं नाव

प्रा. वामनराव शिंगे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वर्गाच्या दारात काखेत गुंडाळलेला नकाशा घेऊन उभे होते. मी कोल्हापुरात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या वर्गातली बाकं पेठांनी वाटून घेतलेली असत. शिवाजी पेठेची पोरं खिडकीकडे, दुसऱ्या पेठेची दाराकडे आणि कोडोली, मुरगूडकडून एस.टी.नं येणारी मधे जागा मिळेल तिथं. सरांनी ही मांडणी जरा वेळ न्याहाळली, नकाशा खिळ्याला अडकवला, पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशावर बोट ठेवलं आणि तासभर नायजेरियातल्या इग्बो लोकांविषयी बोलत राहिले. मी पेठेतला, गप्प बसणं मला ठाऊक नव्हतं. उठून विचारलं, "सर, ह्या लोकांचा आन् आपला काय संबंध?"

"काय बी न्हाय," सर म्हणाले. "म्हणून तर शिकवतोय. आपल्या जिल्ह्यातलं सांगाय लागलो तर तुम्ही ऐकायच्या आधी बाजू घेताय. तिथं बाजू घ्यायला तुमचं कोण न्हाय. मग निदान ऐकशीला तरी."

सरांचं सारं अध्यापन या एका विश्वासावर उभं होतं. तो विश्वास त्यांच्या डोळ्यांदेखत खचला, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. गौरवग्रंथात असलं काही लिहायचं नसतं हे मला कळतं. पण सर पंचाहत्तर वर्षांचे होत असताना त्यांच्याविषयी नुसतं गोड लिहिलं, तर तो लेख ते पहिल्या पानावरच मिटतील. संपादकांनी सांभाळून घ्यावं.

सरांचा जन्म मुरगूडजवळच्या एका खेड्यातला. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा सर पोरवयात होते. कोल्हापुरात कॉलेजात शिकत असताना त्यांनी वर्तमानपत्रात बियाफ्रातल्या उपाशी मुलांचा फोटो पाहिला. फुगलेली पोटं, काटक्यांसारखे पाय. ही पोरं कुणाची आणि त्यांना उपाशी कुणी ठेवलं, एवढंच त्यांना हवं होतं. त्याचं उत्तर शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. इग्बो राजकीय नेतृत्वावर मराठीत एवढा जाडजूड ग्रंथ दुसरा असल्याचं मला तरी माहीत नाही. तो फारसा खपला नाही, हेही सांगून टाकतो. सरांच्या घरी अजून गठ्ठे आहेत आणि वहिनी त्यांवर लोणच्याच्या बरण्या ठेवतात.

ग्रंथाचा सारांश असा. स्वातंत्र्यलढ्यात इग्बो पुढारी साऱ्या देशाचे म्हणून वावरत होते. पुढे लष्करातल्या काही अधिकाऱ्यांनी बंड केलं, त्यात इग्बो जास्त होते, आणि त्याचा दोष सबंध जमातीच्या माथी आला. उत्तरेत त्यांच्या कत्तली झाल्या. त्यांनी बियाफ्रा नावाचा वेगळा देश जाहीर केला. युद्ध झालं, माणसं भुकेनं मेली आणि इग्बो हरले. सरांच्या मते खरी गोष्ट युद्ध संपल्यावर सुरू होते. देशाचं सर्वोच्च पद त्यानंतर निवडणुकीतून इग्बो माणसाकडे आजवर आलेलं नाही. मग त्यांच्यात तीन तऱ्हेचे पुढारी तयार झाले. एक, राजधानीत दुसऱ्या क्रमांकाची खुर्ची धरून ऐक्याची भाषणं करणारे. दुसरे, पुन्हा वेगळं होऊ म्हणून गरजणारे. तिसरे, व्यापार सांभाळून तोंड मिटून बसणारे. तिघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. "हरलेल्या माणसाला जिंकणाऱ्यापेक्षा आपल्याच भावाचा राग जास्त येतोय," सर म्हणायचे, "कारण तो हाताशी असतोय."

हे ऐकताना मधल्या रांगेतली, सरांच्याच समाजातली काही पोरं मान खाली घालत. सर त्यांच्याकडे पाहत नसत. कुणावर रोखून बोलणं त्यांना आवडत नसे. इकडे सरांच्या स्वतःच्या समाजात पुढाऱ्यांचे दोन गट पडले आणि दोन्ही गटांनी जयंतीच्या व्याख्यानाला सरांनाच बोलावलं. सर सकाळी एकीकडे गेले, संध्याकाळी दुसरीकडे, आणि दोन्हीकडे शब्दाचाही फरक न करता एकच भाषण करून आले. पुढच्या वर्षी कुणाचंच बोलावणं आलं नाही. त्याचं त्यांना दुःख झालं होतं. ते त्यांनी हसण्यावारी नेलं, पण झालं होतं.

माझ्या वडिलांच्या निधनाला सर आले तो प्रसंग मला जपून ठेवावासा वाटतो. आमच्याकडे माणूस गेलं की तालमीच्या कोपऱ्यावरच्या फळ्यावर खडूनं त्याचं नाव लिहितात, कोण, कशानं, रक्षाविसर्जन कधी. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होईपर्यंत त्या फळ्याला कुणी हात लावत नाही. पेठेच्या संघाची त्या दिवसांत फुटबॉलची मॅच असली तरी पोरं फळ्यासमोर थांबून मगच स्टेडियमला जातात. सर तेव्हा गावाकडे राहत होते. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं ते आले, घाटावर माझ्या बाजूला उभे राहिले आणि परतताना फळ्यासमोर थांबून वडिलांचं नाव वाचलं. म्हणाले, "तुमच्या पेठेत माणूस मेलं की नाव तरी लिहित्यात. तिकडं लाखानं मेली, कुणी लिहिलं न्हाय." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून घरापर्यंत चालत आले. शोकात माणसाला काय बोलावं हे फार थोड्यांना कळतं, सरांना ते कळत होतं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तिकडे येतो.

मी राज्यशास्त्र शिकवू लागलो आणि आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा सेक्रेटरीही झालो. पेठेत ही दोन्ही कामं एकच समजली जातात. अलीकडच्या एका हंगामात आम्ही नायजेरियाचे दोन खेळाडू आणले, ओबिन्ना आणि ट्यूंडे. एकाच देशाचे म्हणून एकाच खोलीत ठेवले. ओबिन्ना इग्बो, ट्यूंडे योरुबा, आणि त्या दोन जमातींचं आपसात फारसं जमत नाही, हे मला सरांमुळे कळत होतं. आमचे अध्यक्ष आण्णा यांना मी ते सांगायला गेलो तर ते म्हणाले, "पासिंग चांगलं हाय न्हवं? मग झालं तर." आणि आण्णांचं तेव्हा काही चुकलं नव्हतं. दोघं मजेत राहत होते. ट्यूंडे भात शिजवायचा, ओबिन्ना भांडी घासायचा, आणि रविवारी दोघं सरांच्या घरी जायचे. सर तोवर कोल्हापुरात राहायला आले होते. वहिनींची मटणाची आमटी पिऊन दोघांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि तरी ते परत वाढून घ्यायचे. आयुष्यभर ज्यांच्याविषयी वाचलं त्यांतला एक जण समोर पाटावर बसून जेवतोय, याचा सरांना किती आनंद व्हायचा ते मी पाहिलं आहे.

मग त्यांच्या देशात निवडणूक झाली. ओबिन्नाचे थोरले भाऊ इकेन्ना लागोसमध्ये गाड्यांचे सुटे भाग विकत. ते मतदानाच्या रांगेत उभे होते. काही गुंड आले, ज्यांची नावं इग्बो वाटली त्यांना रांगेतून बाहेर ओढलं आणि मारलं. इकेन्ना त्यात गेले. ओबिन्नाला फोन आला तेव्हा आम्ही मैदानावर सराव करत होतो. तो खाली बसला आणि उठेचना. ट्यूंडेनंच त्याचे बूट सोडले.

ओबिन्नाची एकच मागणी होती. त्यानं सरांना सांगितलं की भावाचं प्रेत घरच्यांनी घाईत पुरलं, पोलिसांनी काही नोंदवलं नाही, तिकडचे इग्बो पुढारी आपापल्या पक्षाकडे बघून गप्प आहेत. इथं मेलेल्याचं नाव तुम्ही फळ्यावर लिहिता, माझ्या भावाचं लिहा. आण्णांनी लगेच होकार दिला. फक्त म्हणाले, "अपघाती निधन म्हणून लिवा. सेमीफायनल तोंडावर हाय, उगीच गडबड नको."

"न्हाय," सर म्हणाले. "आण्णा, त्यांच्या पुढाऱ्यांनी इतकी वर्षं हेच केलंया. गडबड नको म्हणून मेलेला माणूस अपघातात घालवायचा. खरं ते लिहा."

माझं अक्षर बरं म्हणून फळा मी लिहितो. सरांनी सांगितलं ते मी लिहिलं. ओबिन्ना यांचे थोरले बंधू इकेन्ना यांचे, इग्बो असल्याच्या कारणावरून लागोस येथे मतदानाच्या रांगेत झालेल्या मारहाणीत निधन. ओबिन्ना समोर हात जोडून उभा होता. हात जोडायला तो इथंच शिकला होता.

संध्याकाळपर्यंत पेठेनं फळा वाचला. इग्बो म्हणजे काय, हे कुणाला ठाऊक नव्हतं. कुणीतरी मोबाईलवर शोधलं. मग दुसऱ्यानं विचारलं, मारणारे कोण. कुणीतरी म्हणालं, "तिथं योरुबा असत्यात. आपला ट्यूंडे त्यातलाच हाय की." एवढं पुरलं. आमच्या पोरांचं ओबिन्नावर प्रेम होतं आणि पेठेत प्रेम दाखवायची एकच रीत आहे, त्याच्या विरुद्ध बाजूच्याला झोडायचं. त्यांनी ट्यूंडेला खोलीतून बाहेर ओढलं. तो हातात भाताचं पातेलं घेऊन उभा होता, ओबिन्नानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं म्हणून. मी पोचलो तोवर त्याचा गुडघा फुटला होता. ओबिन्ना गर्दीत घुसला, दोन-चार तडाखे त्यालाही बसले, आणि तो ट्यूंडेला पाठीवर घेऊन रस्त्यावर आला. सर रिक्षा घेऊन आले होते.

दवाखान्यातून सर थेट पोलीस ठाण्यात गेले आणि फिर्याद दिली. तिच्याखाली साक्षीदार म्हणून मी सही केली. फळ्यावरचा मजकूर आपण सांगितला, हेही सरांनी आपणहून नोंदवायला लावलं. दुसऱ्या दिवशी पेठेत कुजबुज सुरू झाली. बाहेरचा माणूस, पेठेच्या पोरांवर केस घातली. मग त्याहून वाईट बोलणं आलं, सरांच्या जातीवर जाणारं. ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणतो त्यांच्या तोंडून ते मी ऐकलं. मला लाज वाटली आणि अजून वाटते. सर फक्त एवढं म्हणाले, "नवीन काय न्हाय त्यात."

तिसऱ्या दिवशी सकाळी ओबिन्ना फळ्यापाशी आला. पेठेच्या रीतीनं त्या दिवशी रक्षाविसर्जन, आणि भावाची रक्षा नसली तरी नाव पुसण्याआधी एकदा समोर उभं राहावं, असं त्याच्या मनात होतं. फळा कोरा होता. आण्णांनी केव्हाच पुसून घेतला होता. तालमीच्या आठवणीत असं कधी घडलं नव्हतं. सरांनी माझ्याकडे खडू मागितला आणि फक्त 'इकेन्ना' एवढंच लिहिलं. दुपारपर्यंत तेही पुसलेलं होतं.

ट्यूंडे प्लास्टर निघेपर्यंत सरांच्या घरी राहिला. वहिनींनी त्याला मुलासारखं सांभाळलं. मग तो मायदेशी गेला. तो आता खेळत नाही. ओबिन्ना दुसऱ्या राज्यात एका क्लबकडे आहे. दोघं सरांना फोन करतात. एकमेकांना करतात का, ते सरांनी विचारलेलं नाही.

या घटनेनंतर सरांनी ग्रंथाच्या नव्या आवृत्तीतून शेवटचा धडा काढून टाकला. सत्य चारचौघांत सांगितलं की माणसं शहाणी होतात, असं त्यात लिहिलं होतं. मी त्यांना म्हणालो की तुम्ही खोटं तर लिहायला लावलं नाही. "खरंच लिहिलं की," ते म्हणाले. "पण मी जमात लिहिली आन् मारणाऱ्यांस्नी मोकळं सोडलं. गुंडांनी मारलं, एवढा एक शब्द पायजे होता. तो न्हवता, म्हणून लोकांनी आपापला गुन्हेगार शोधला." तेव्हापासून ते तो धडा नव्यानं लिहीत आहेत. दृष्टी अधू झाली आहे, बसलं की पाठ धरते, आणि एखाद्या दिवशी जेमतेम एक परिच्छेद होतो. नव्या आवृत्तीची अर्पणपत्रिका मात्र तयार आहे. तिच्यात एकच नाव आहे, आणि ते कुठल्याही आण्णांना पुसता येणार नाही.

सर, तुमचं सगळं बरोबर ठरलं म्हणून हा गौरव नाही. तुमचं चुकलं ते तुम्ही ठाण्यात जाऊन नोंदवलंत, आणि पंचाहत्तराव्या वर्षी ते पुन्हा लिहायला बसलात, यासाठी आहे. धडा पुरा होईपर्यंत तुमचे डोळे साथ देवोत. तो झाल्यावरही वहिनींच्या हातची आमटी तुम्हांला पुष्कळ वर्षं लाभो, आणि रविवारी मला. आमच्या तालमीचा फळा अजून कोपऱ्यावर आहे आणि अजून मीच लिहितो. एक दिवस तुमचं नाव लिहायची पाळी माझ्यावर येणार. ती फार फार उशिरा येवो. आणि तोवर आमच्या पेठेला एवढं तरी जमो, की लिहिलेलं नाव तीन दिवस फळ्यावर राहील.