अक्का डावीकडे कलायच्या

"सरी, पुढं?" असं म्हणत अक्का मशीनवरून डावीकडे कलायच्या आणि समोरची बाई ब्लाउजाच्या मापाबरोबर घरातली चार गुपितंही देऊन जायची. जयनगरात आमच्या खालच्याच मजल्यावर त्यांचं शिवणकाम चालायचं. घराणं बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं मराठी, म्हणून 'बरं'च्या जागी कानडी 'सरी'. अक्कांचं ते कलणं म्हणजे कान टवकारणं, असंच आम्ही सगळे समजत होतो. तुम्हीही तेच समजला असता.

श्वासाला शिट्टी होती. वडिलांना दमा, आत्याला दमा, म्हणून अक्कांनाही दमाच. "आमच्या घरचा दागिना आहे तो. तपासायचं काय त्यात?" असं त्या म्हणायच्या. पंप ओढूनही शिट्टी थांबत नाही, याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही.

मग एका सकाळी खोकल्यातून रक्त आलं आणि कुणाच्या तरी पिवळ्या रेशमावर पडलं. मीच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई बेळगावकडच्या, तरुण. "अक्का, सरळ बसा बघू." अक्का सरळ बसल्या आणि शिट्टी खोलीभर ऐकू आली. डावीकडे कलल्या, थांबली. बाईंनी स्टेथोस्कोप छातीवरून उचलून गळ्यावर ठेवला. त्यांचा चेहरा उतरला.

"हा दमा नव्हे, अक्का."

दुर्बिणीतून दिसली ती श्वासनळीतली गाठ. क्वचितच कुणाला होणारी, सावकाश वाढणारी. अक्का कलल्या की ती बाजूला सरकायची आणि वाट मोकळी व्हायची. बाईंनी समजावलं, "तेवढा तुकडा कापून नळी पुन्हा जोडायची. पण हिची मुळं भिंतीतून लांब जातात. सगळी निघतीलच असं नाही."

"सरी, पुढं?" अक्कांनी विचारलं. त्या शब्दांची मला पहिल्यांदाच भीती वाटली.

ऑपरेशननंतर जोडावर ताण येऊ नये म्हणून त्यांची हनुवटी टाके घालून छातीशी बांधली होती. "असला टाका मी पोत्यालासुद्धा घालत नाही," खाली मानेनं अक्का पुटपुटल्या. मी हसले, आणि बाहेर येऊन रडले.

पुढे रेडिएशन झालं. शिट्टी गेली. अक्का ताठ बसून शिवू लागल्या. "आता अक्का पहिल्यासारखं ऐकत नाहीत गं," बायका कुरकुरायच्या. मी मात्र जाता-येता दारातून आधी त्यांची पाठ बघून घ्यायचे. काही वर्षं ती सरळ होती.

मग एका दिवाळीच्या आधी मी ब्लाउज शिवायला टाकायला गेले. लेकीचं लग्न ठरल्याचं सांगता सांगता माझी नजर त्यांच्यावर गेली आणि शब्द तोंडातच राहिले.

"अय्यो, थांबलीस का गं?" अक्का म्हणाल्या. मशीनचा काठ धरून त्या डावीकडे कलल्या होत्या. "सरी, पुढं?"