शनिवारची डोळ्यांची बॅच

मोहिनी भोये मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही, आणि तिला मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी मला तिचा हितचिंतक समजणार नाही.

कॉलेज रोडला उज्वला टिळे मॅडमचा चित्रकलेचा क्लास आहे. दिवसा मी शाळेत कलाशिक्षक, आणि संध्याकाळी या क्लासमध्ये गेली बारा वर्षं एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची बॅच घेतो. टेबलावर माठ, त्यावर नॅपकिन, शेजारी दोन कांदे. हे ज्याला नीट काढता आलं त्याला जगातलं काहीही काढता येतं, असं माझं म्हणणं होतं आणि आजही आहे.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून या मुलीची ओळख करून दिली. बावीस-तेवीसची, सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून बसलेली. मॅडमनी तिची चित्रं इन्स्टाग्रामवर पाहिली होती. शनिवार-रविवार ती अ‍ॅनिमेचे, म्हणजे जपानी कार्टूनमधले, डोळे शिकवणार होती. नुसते डोळे. बाकीचा चेहरा कोण शिकवणार, असं मी विचारलं. मॅडम हसल्या. ती हसली नाही.

"डोळा जमला की चेहरा मुलं आपापला काढतात," ती म्हणाली. "उलटं होत नाही."

डोळा काढायचा तर आधी कवटी समजली पाहिजे, खोबणी समजली पाहिजे, असं मी तिला ऐकवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मॅडमना विचारलं की मार्कर क्लासचे असतील की मुलांनी आणायचे. जणू मी तिथे नव्हतोच.

तिच्याबद्दल जे कळलं ते तुकड्या-तुकड्यांनी, बहुतेक मॅडमकडून. वडील भिका आणि आई चिमणाबाई दिवाळीनंतर डोंगरावरून खाली उतरतात आणि दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत मजुरीला राहतात. तिसरीपर्यंत ही त्यांच्याबरोबर बागांतून फिरली. मग आश्रमशाळा. तिथल्या टीव्हीवर रविवारी हिंदीतली जपानी कार्टून लागायची, ती बघून ही वहीच्या मागच्या पानांवर डोळे काढायची. एका गुरुजींनी वही फाडली तेव्हा खडूनं कपाटाच्या मागच्या बाजूला काढायला लागली. नाशिकला बी.ए. केलं ते मुलींच्या वसतिगृहात राहून. चित्रकलेचं रीतसर शिक्षण शून्य. हे ऐकून मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

पहिल्या शनिवारी मी चुका शोधायला म्हणून तिच्या वर्गाच्या दाराशी उभा राहिलो. नऊ मुलं होती. तिनं फळ्यावर डोळ्यांच्या चार जोड्या काढल्या. पहिली मुलींच्या गोष्टींतली, शोजो म्हणतात ती. उंच मोठं बुबुळ, त्यात चमकेचे तीन-चार ठिपके, लांब पापण्या. दुसरी शोनेन, मारामारीच्या गोष्टींतली. वरची रेघ जाड आणि तिरकी, बुबुळ लहान, खालची रेघ अर्धवट सोडलेली. तिसरी चिबी, नुसती गोल बटणं. चौथी मोठ्या माणसांच्या गोष्टींतली, जवळजवळ खऱ्यासारखी, थकलेली, जिच्यात चमकच नव्हती.

मग रंग. आधी सगळ्यात फिकट रंग बुबुळभर. तो ओला असतानाच वरच्या भागात गडद, कारण पापणीची सावली तिथे पडते. खाली चंद्रकोरीच्या आकाराची जागा फिकटच सोडायची. चमकेची जागा आधीच पेन्सिलीनं राखायची, मागून पांढऱ्या पेननं ठिपका दिला तर तो चिकटवल्यासारखा दिसतो. डोळ्याचा पांढरा भागसुद्धा पांढरा ठेवायचा नाही, वरून किंचित राखाडी-निळी सावली द्यायची.

ती कौतुक करत नसे. मुलाच्या कागदावर वाकायची आणि विचारायची, "हा कुणाकडे बघतोय?" मूल गप्प राहिलं तर म्हणायची, "म्हणजे बघत नाहीये. परत काढ." दोन मुली पहिल्याच दिवशी रडल्या. मला वाटलं, महिनाभरात ही बॅच बंद पडते.

दिवाळीपर्यंत तिच्याकडे एकतीस मुलं झाली. माझी बावीसवरून अकरावर आली. गेलेल्यांतली सहा तर माझ्याकडून उठून तिच्याकडे गेली. एकदा पाण्याच्या कूलरपाशी मी तिला म्हटलं की तू मुलांना सवय लावते आहेस, कला शिकवत नाहीस. तिनं बाटली भरून झाकण लावलं. "सर, तुमच्या माठाकडे मुलं दोन तास बघतात. माठ त्यांच्याकडे एकदाही बघत नाही. म्हणून ती उठून येतात." एवढं बोलून ती गेली. तो आठवडा मी तिच्याशी बोललो नाही. तिच्या ते लक्षातही आलं नसावं.

पालक मात्र तिच्याशी बोलायचे, आणि बहुतेक एकच बोलायचे. भोये म्हणजे कुठल्या? सुरगाणा? मग वारली पण शिकवा ना. ती सांगायची, मी कोकणा आहे, वारली समाज वेगळा, ती चित्रं त्यांची. समोरचा मान डोलवायचा आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच विचारायचा. वैष्णवी नावाच्या एका मुलीची आई तर दर वेळी. तिला दिवाणखान्याच्या भिंतीवर वारली करून हवी होती, "ओरिजनल माणसाकडून."

एप्रिलमध्ये क्लासच्या दारावर फ्लेक्स लागला. "आदिवासी कलाकाराकडून शिका अस्सल वारली." खाली मोहिनीचा फोटो, भोवती त्रिकोणी माणसांचा नाच. तिला कुणी विचारलं नव्हतं. शनिवारी ती आली, फ्लेक्ससमोर थोडी थांबली आणि सरळ केबिनमध्ये गेली. मी आत हजेरीपट घेत होतो.

"मॅडम, मला वारली येत नाही."

"अगं, येत नाही म्हणजे काय? तुझ्या रक्तात आहे ते."

"माझ्या रक्तात काय आहे ते तुम्ही बघितलंय?"

मॅडम चिडल्या. अठरा जणांनी नावं दिली होती, पालक स्वतः मुलांबरोबर बसणार होते. एका रविवारच्या कार्यशाळेचा प्रश्न आहे, असं त्या म्हणाल्या, आणि मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. आता जे मी केलं ते मला तेव्हा अजिबात चूक वाटलं नव्हतं. मी म्हणालो, "त्यात काय एवढं? डिप्लोमाला होतं आम्हाला. मी शिकवतो तुला."

मोहिनी माझ्याकडे वळली. मला वाटलं, नाही म्हणेल. ती म्हणाली, "कधी?"

मंगळवारी ती आली. मी तिला गेरूचा कागद आणि पांढरा रंग दिला. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून धड, वर गोल डोकं, काडीचे हातपाय, मग तारपा, म्हणजे भोपळ्याचं लांब वाद्य, वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचाचा गोल. तिचा हात पक्का होता, तासाभरात माझ्याहून सफाईनं काढायला लागली. मध्येच तिनं विचारलं, ह्यांना डोळे नसतात का? नसतात, मी म्हणालो. तिनं ब्रश धुतला, कागदाची गुंडाळी केली आणि आभार न मानता निघून गेली. मॅडमना मी फोन केला, काम झालं म्हणून. मनातून मी खूष होतो. ज्या मुलीनं माझी बॅच रिकामी केली ती माझ्यासमोर बसून शिकली होती.

रविवारी सकाळी हॉल भरला होता. मॅडमनी तिच्यासाठी गुडघ्यापर्यंतचं लुगडं आणि चांदीसारखे दागिने आणून ठेवले होते. ती जीन्स आणि कुडत्यावरच आली. मॅडमनी माईकवरून तिची ओळख करून दिली, जंगल, निसर्ग, पिढ्यानपिढ्यांची कला वगैरे. मोहिनीनं माईक घेतला.

"ही चित्रं वारल्यांची आहेत. मी कोकणा. मला ही मंगळवारी अमोल सरांनी शिकवली, एका तासात. तेव्हा पुढचं सरच शिकवतील."

माईक माझ्या हातात देऊन ती भिंतीशी जाऊन उभी राहिली. पळून गेली नाही, हे लक्षात ठेवा. उभी राहिली.

आधी कुणीतरी हसलं. मग गलका झाला. ही फसवणूक आहे, फी परत द्या, फोटो कुणाचा लावलाय. मॅडम एकेकाला समजावत फिरत होत्या. वैष्णवीच्या आईनं मुलीचा हात धरला आणि दारातून जाताना, मोहिनीपासून दोन हातांवर, मोठ्यानं म्हणाली, "जंगलातून उचलून शिकवायला बसवलं की हे असंच होणार."

मोहिनीनं तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी त्या दोघींच्या जवळच उभा होतो. मी माईकची वायर गुंडाळत आतल्या खोलीत गेलो.

त्याच दिवशी मॅडमनी तिला काढून टाकलं. तिची बॅच मला दिली. पुस्तकं आणून, मोबाईलवर बघून मी तयारी केली आणि शनिवारी फळ्यावर डोळे काढले. मापात अगदी बरोबर होते. एक पोरगं मागून म्हणालं, "सर, हा मेलेला आहे का?" सगळी हसली. रंगातही तेच. वरचा गडद रंग खालच्या फिकटात उतरायचा आणि चंद्रकोर बुजून जायची. दोन महिन्यांत एकतीसची आठ झाली.

तेव्हा मॅडमनी मला तिच्याकडे पाठवलं. झालं गेलं विसरून परत ये म्हणावं, बोर्डावर तुझं नाव वेगळं लावू. सातपूरला एका लेथच्या वर्कशॉपवरची खोली तिनं भाड्यानं घेतल्याचं कळलं होतं. मी रविवारी दुपारी गेलो. खाली मशीन चालू होतं, जिन्याला तेलाचा वास. वर सतरंजीवर कंपन्यांतल्या कामगारांची वीसेक पोरं बसली होती. कोपऱ्यात खुर्चीवर एक वयस्कर माणूस टोपी मांडीवर ठेवून बसला होता. ते तिचे वडील, संध्याकाळच्या सुरगाणा गाडीनं जाणार होते.

मोहिनी मला पाहून उठली नाही. बसा, शिकवणं संपल्यावर बोलू, म्हणाली. मी भिकाबाबांशेजारच्या स्टुलावर बसलो. त्यांनी माझं नाव विचारलं आणि मग अगदी साधेपणानं म्हणाले, "तुमीच का ते सर? आमच्या पोरीला वारल्यांची चित्रं शिकवली ते?"

मी हो म्हणालो.

"आमच्या पाड्यावर दोन घरं हायेत वारल्यांची. त्यांनाच इचारायचं ना. आले असते ते."

त्यांना टोमणा मारायचा नव्हता. म्हणूनच मला जास्त लागलं.

मुलं गेल्यावर मी मॅडमचा निरोप सांगितला. मग, जिभेवर आलंच म्हणून, हेही विचारलं की माझा वरचा रंग खाली का उतरतो. तिनं एक कागद माझ्यापुढे सरकवला. मी डोळा काढला, रंग भरला. तिनं तो उचलून खिडकीपाशी धरला.

"तुम्ही घाबरून भरता. एकाच जागी चार वेळा मार्कर फिरवता, मग कागद आणखी रंग पीत नाही, तो खाली पसरतो." कागद खाली ठेवून ती म्हणाली, "आणि सर, ती बाई बोलली तेव्हा तुम्ही आत गेलात. वायर गुंडाळत."

माफी मागायची असं मी घरून ठरवून आलो होतो. मागितलीही. ती म्हणाली, ठीक आहे, मागितली तुम्ही. मी दिली असं समजू नका. परत यायचा प्रश्नच नव्हता. तिला एकच गोष्ट हवी होती. तो फ्लेक्सवरचा फोटो अजून क्लासच्या इन्स्टाग्राम पेजवर होता. तो काढा, बाकी काही नको.

मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या पोस्टला सगळ्यात जास्त लाईक्स आहेत सर, बघू. महिना गेला. फोटो तिथेच. मी पुन्हा आठवण करून दिली नाही.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी, माझी बॅच चालू असताना, मोहिनी एकटी आली. चपला दाराशी काढल्या, केबिनचं दार सताड उघडं ठेवलं आणि आपला फोन मॅडमच्या टेबलावर ठेवला. स्क्रीनवर तो फोटो होता. तिनं आवाज चढवला नाही. फक्त म्हणाली, "काढा. मी थांबते."

मॅडम म्हणाल्या, नंतर काढते. ती म्हणाली, थांबते. मॅडमनी एक फोन घेतला, मग दुसरा. दोन पालक चौकशीला आले, तिला तिथे उभी पाहून अवघडले आणि परत गेले. माझी अकरा मुलं पेन्सिली खाली ठेवून तिकडेच बघत होती, आणि मी त्यांना माठाकडे बघा म्हणालो नाही. मी एक खुर्ची उचलून तिच्यामागे नेऊन ठेवली. तिनं मान वळवली, खुर्ची पाहिली आणि पुन्हा मॅडमकडे तोंड केलं. बसली नाही.

वीस-पंचवीस मिनिटांनी मॅडमनी आपला मोबाईल उचलला आणि पोस्ट काढून टाकली. मोहिनीनं पेज दोनदा उघडून खात्री केली. मग चपला घालून जिना उतरून गेली. मॅडमनी मला, ती रिकामी खुर्ची आधी उचला, असं सांगितलं.