दार लागण्याआधी

मोझेलबाई किहीमकर पुन्हा शेजारच्या कुसाबाईंच्या दाराशी आल्या. कुलूप तसंच.

"उद्या दसरा ना, मावशी," समोरची छाया म्हणाली. "काकू झेंडू घेऊन फुलबाजारात गेल्यात. रात्रीशिवाय यायच्या नाहीत."

मोझेलबाईंचा चेहरा उतरला. सूर्य मावळला की योम किप्पूर लागणार. उपास, प्रार्थना, पांढरी साडी आणि बंद दार. त्यांच्या बेने इस्रायली ज्यू घरात त्या दिवशी बाहेर जायचं नाही, कुणाला आत घ्यायचं नाही. देवाच्या बाबतीत चुकलं तर देव माफ करतो. माणसाला दुखवलं असेल तर माफी त्या माणसाकडेच मागायची, तीही दार लागण्याआधी, असं वडील सांगत.

आखाडात त्या तापाने पडल्या होत्या. कुसाबाई एकाच डब्यात मटणाचा रस्सा आणि दहीभात घेऊन आल्या. मांस आणि दूधदुभतं आम्ही एकत्र खात नाही, एवढंच सांगायचं होतं. पण तोंडून निघालं, "तुमच्या हातचं मला चालत नाही!" तेही कुसाबाईंच्या सुनेदेखत. तेव्हापासून कुसाबाईंनी बोलणं टाकलं होतं.

दार लावताना मोझेलबाईंचा हात कडीवर रेंगाळला.

दुसऱ्या दिवशी गल्लीत गाड्यांना हार चढले. आत मोझेलबाईंकडून प्रार्थनेची तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली जात होती. तिसऱ्या प्रहरी दारावर थाप पडली. लगेच बाहेरून आवाज आला, "ए पोरांनो, वाजवू नका रे! आज त्यांचं दार बंद असतंय."

आवाज कुसाबाईंचा होता. मोझेलबाईंनी पुस्तक छातीशी धरलं.

चांदण्या दिसल्या तेव्हा त्यांनी कडी काढली. पायरीवर कुसाबाई बसल्या होत्या. मांडीवर आपट्याची पानं, शेजारी तांब्या.

"कुसाबाई, त्या दिवशी मी..."

"बसा आधी. तोंड पार सुकलंय."

"नाही, बोलू द्या. चुकलंच माझं. तुमच्या हाताला नाव ठेवायचं नव्हतं हो मला. माफ करा."

कुसाबाई पानं चाळवत राहिल्या. "लय लागलं होतं बघा," त्या हळूच म्हणाल्या. मग तांब्या पुढे केला. "पाणी तरी चालतंय का माझ्या हातचं?"

आत ओट्यावर काळ्या मनुकांचं सरबत गाळून ठेवलं होतं. दरवर्षी उपास त्यानेच सुटायचा. मोझेलबाई उंबऱ्यावर टेकल्या आणि त्यांनी तांब्या थेट ओठांना लावला.

"सावकाश," कुसाबाई त्यांच्या पाठीवर हात ठेवत म्हणाल्या, "ठसका लागंल."