दारावरची गणितं

तलावाचा बांध उतरल्यावर उमादेवीबाई थांबल्या आणि चपलेतला खडा काढला.

"अक्का, अजून किती लांब आहे अंकुशरावचं शेत?"

"ती बाभळ दिसायलीय न्हवं, तिच्या पल्याड."

"मघाशीपण बाभळच म्हणालात."

बाई हसल्या, पण ते हसू टिकलं नाही.

बाई आमच्या संतपूरच्या शाळेत गणित शिकवतात. माहेर मन्नाएखेळ्ळीचं. घरात कन्नड, शाळेत मराठी. लिंगपूजा झाल्याशिवाय सकाळचा चहासुद्धा घेत नाहीत. मोबाईलवर गृहपाठ सुरू झाला तेव्हा एक पोरगं उत्तर काढायचं आणि सगळ्या वर्गाला पाठवायचं. म्हणून बाईंनी स्वतः शिकून नव्या तऱ्हेचे प्रश्न तयार केले. हौद भरायचं गणित तेच, पण प्रश्न उघडला की दर वेळी आकडे नवे. तपासणार मोबाईलच, आणि गुणांचा निरोप घरच्यांना जाणार. पोरं म्हणायची, "बाईंचं गणित सरड्यावानी रंग बदलायलंय." बाईंना त्याचं कौतुकच वाटायचं. दुसऱ्या गावचे मास्तर शिकायला यायचे.

अंकुशराव माझे शेजारी. घरात एकच मोबाईल, तो दिवसभर त्यांच्यासोबत शेतात. त्यांची मुलगी सोनू सकाळी घाईनं प्रश्न उघडून गणित पत्र्याच्या दारावर खडूनं उतरवून घ्यायची. शाळेतून आल्यावर सोडवायची. बाप परतला की पुन्हा प्रश्न उघडून उत्तर भरायची. तोवर आकडे बदललेले. हौद तोच, नळ तेच, म्हणून पुन्हा कोण वाचतंय? त्यात बॅटरी संपत आलेली. निरोप यायचा, शून्य. बाई वर्गात रागवायच्या, "सोनू, लक्ष कुठं असतं तुझं?" सोनू खाली बघायची.

शेवटी अंकुशराव म्हणाले, "सारखं शून्यच पडायलंय, मग शाळेत कामून धाडायचं?" आणि पोरीला दुबलगुंडीला आत्याकडे कामाला हात लावायला पाठवून दिलं.

ती का येत नाही हे विचारायला बाई आल्या, तेव्हा मी त्यांना ते दार दाखवलं. शेवटची गणितं तशीच होती. बाई उकिडव्या बसून एकेक पडताळत गेल्या. सगळी बरोबर. एका आकड्यावर बोट ठेवायला गेल्या आणि हात मागे घेतला, पुसलं जाईल म्हणून.

आता त्यांनी प्रश्न सुधारलाय. एकदा उघडलेले आकडे उत्तर भरेपर्यंत तेच राहतात. बाकीच्या पोरांची सोय झाली. सोनू मात्र दुबलगुंडीतच आहे.

बाभळीपाशी आलो. अंकुशराव तुरीत वाकलेले दिसले. मी मनात देवाचं नाव घेतलं. बाईंनी माझं मनगट धरलं.

"अक्का, दोनदा बोलून बघितलं मी. मला बघितलं की तो उभा राहतो, हात जोडतो, 'व्हय बाई, व्हय बाई' म्हणतो. पोरीला काही परत आणत नाही. तुमच्याशी तो भांडेल. भांडला तर ऐकेल तरी. तुम्हीच सांगा त्याला, चूक सोनूची नव्हती, माझ्या प्रश्नाची होती. मी इथंच उभी राहते, माझ्याकडे बोट दाखवून सांगा."