आत्याचं नाक आणि गुलाबाच्या दोन बाटल्या

माझ्या थोरल्या आत्याइतकं रागीट नाक अख्ख्या आंबेगाव तालुक्यात दुसरं कुणाचं नसेल. शिनोलीच्या गिरणीत ती दळण घरी न्यायच्या आधी पिठात मूठ घालून हुंगायची आणि आपल्या बाजरीत कुणाची ज्वारी मिसळली ते गिरणीवाल्याला तोंडावर सांगायची. एका लग्नात तिनं पानात पडायच्या आधीच आमटी खाली लागल्याचं जाहीर केलं. आचारी रुसून मांडवाबाहेर जाऊन बसला, तर आत्या तिथंही त्याच्या मागं गेली, कारण तिचं बोलून व्हायचं होतं.

गेल्या दिवाळीनंतर तिची सून नर्सिंगची परीक्षा पास झाली. या सुनेला आत्यानं सहा वर्षांत एकदाही बरं म्हटलं नव्हतं. त्यामुळे "तिला गुलाबाचा सेंट घ्यायचाय, फळाचा वास असलेला. तसलाच आवडतो तिला," असं म्हणून ती मला नारायणगावला घेऊन निघाली तेव्हा मी चकितच झाले. दुकानातल्या मुलीनं दोन बाटल्या काढल्या, एक गुलाब आणि लिचीची, दुसरी गुलाब आणि पेरूची, आणि कागदाच्या पट्ट्यांवर फवारून पुढं केल्या. आत्यानं दोन्ही हुंगल्या, परत हुंगल्या आणि भडकली.

"पाणी भरून ठेवलंय ह्यात. खेड्यातलं समजून फसवता व्हय?"

"आजी, वास येतोय हो चांगला," मुलगी रडवेली होऊन म्हणाली.

"मला शिकवू नको."

गिऱ्हाइकं जमायला लागली. मी आत्याला दंडाला धरून बाहेर काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. "त्या पोरीनं काय केलं तुझं? सुनेला काही द्यायचंच नसेल तर तसं सांग ना."

आत्या दुकानाच्या पायरीवर बसली. पदरानं नाक पुसत खालच्या आवाजात म्हणाली, "दोन महिन्यांमागं ताप आला व्हता ना, तवापास्नं मला कशाचाच वास येत नाय. फोडणीचा नाय, शेणाचा नाय. घरात कुणाला बोलले नाय." आणि लगेच चिडून, "आता बघत काय उभी राहिलीस?"

आम्ही पुन्हा आत गेलो. "पोरी, चुकलं माझं, नाक बिघडलंय," एवढं त्या मुलीला सांगून आत्यानं पट्ट्या माझ्या हातात दिल्या. "तू वास घे आन् सांग."

"लिचीचा गोड आहे, सरबतासारखा. दुसऱ्यात आधी पेरू येतो, मग मागून गुलाब."

"धड सांग. पेरू पिकल्याला का कच्चा?"

"पाडाला आलेला."

"मग त्योच घे. दिवसभर औषधांच्या वासात ऱ्हायचंय तिला, लई गोड नको."

घरी आल्यावर सुनेनं बाटली घेतली, मनगटावर फवारा मारून हात आत्याच्या नाकाशी नेला आणि आत्याचा चेहरा पाहून काय ते ओळखलं. दुसऱ्याच दिवशी तिनं आत्याला डॉक्टरकडे नेलं. वास येईल हळूहळू, असं ते म्हणाले. अजून आलेला नाही.

परवा भादव्यात शिनोलीला गेले, तर आत्या मला बांधावर घेऊन गेली. भात फुलला होता. "सांग," ती म्हणाली. मी सांगू लागले आणि मला शब्द सापडेनात. आत्या चिडली नाही. वाऱ्याकडं तोंड करून नुसती उभी राहिली.