कामिनीच्या नावाची पावती

कामिनीला कोणाचा संशय म्हणून यायचा नाही. नंदनवन वस्तीतल्या शेजारणी तिला भोळी म्हणायच्या, पण भोळीबिळी काही नव्हती ती. लकडगंजात प्लायवूडच्या दुकानावरच्या माडीत बसून ही बाई मालाच्या गाड्या तोलणाऱ्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर लिहायची आणि पंचवीस-तीस काट्यांवर ते चालायचं. फक्त एकदा एखाद्याला आपलं म्हटलं, की त्याच्या मागे डोकवायला जायचं नाही, असा स्वभाव.

आपलं म्हणजे सुशीलभाऊ, कंपनीचा मालक. मुलगी झाल्यावर चार वर्षं घरी बसलेल्या बाईला कोणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा याने बोलावून खुर्ची दिली. कामिनीला सख्खा भाऊ नाही. दर भाऊबीजेला ती याला ओवाळायची. प्रोग्रॅम ती लिहायची. पण लिहिलेल्या प्रोग्रॅममधून काट्यावर चालणारं तयार सॉफ्टवेअर बनवते ती बिल्ड स्क्रिप्ट भाऊने स्वतःकडे ठेवलेली. "तू कशाले त्या कटकटीत पडतं वं? बटन दाबत जाय," म्हणायचा. ती दाबायची.

दोन वर्षांपूर्वी त्याने तिचा मान केला. काट्यातून निघणाऱ्या प्रत्येक पावतीच्या तळाशी छापून यायला लागलं, 'सॉफ्टवेअर: कामिनी रुपराव'. बापाचं नाव मुद्दाम लावलं, म्हणाला, म्हातारा खूश होईल. झालाच की! रुपराव कळमेश्वरच्या जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, कापूस घालायला गेले आणि पावतीवर पोरीचं नि आपलं नाव! चष्मा पुसून तीनदा वाचलं, घरी आणून खळ लावून भिंतीवर चिकटवलं. आणि मग गावभर एकच पालुपद: "दुसरीकडं कशाले जाता गा? माह्या पोरीचा काटा हाय." शेजारचे नत्थूजी म्हणजे बायकोने मोजलेल्या पोळ्यासुद्धा परत मोजणारा माणूस. तेही रुपरावांच्या शब्दावर त्याच काट्यावर जायला लागले.

गेल्या मंगळवारी कामिनीला नवा लॅपटॉप मिळाला आणि त्यावर तिने सगळं तपासून पाहिलं. स्वतः चालवलेल्या प्रोग्रॅममध्ये अडीच हजार किलो टाकले, तर अडीच हजार. स्क्रिप्टमधून निघालेल्यात टाकले, तर दोन हजार चारशे ऐंशी. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. प्रोग्रॅम बनताना बाहेरून 'तूट' नावाची एक किंमत वाचली जायची. ओला माल आला तर वजा करायला असावी, म्हणून तिनेच ठेवलेली. तिच्या मशीनवर ती शून्य. पुन्हा शून्य करून पाहिली. तरी वीस किलो गायबच.

तेव्हा इतकी वर्षं जिचं नुसतं बटन दाबलं, ती स्क्रिप्ट तिने पहिल्यांदा उघडून वाचली. मधोमध एकाखाली एक दोन ओळी होत्या. एकीत तूट वीस. दुसरीत नाव, कामिनी रुपराव. दोन्ही एकाच दिवशी, एकाच मिनिटाला, सुशीलभाऊच्या हातून घातलेल्या.

स्क्रिप्ट सुरू झाली की या किमती आपणच मांडायची, मशीनवर काय ठेवलंय याला न जुमानता, आणि काम उरकलं की त्या मागे उरायच्या नाहीत. मशीनवर शोधा, शून्य. प्रोग्रॅम वाचा, निर्मळ. बाईने भाजीत मीठ बेताने घालावं आणि वाढणाऱ्याने मूठभर टाकून डबा जागेवर ठेवून द्यावा, तसली ही तऱ्हा. फरक फक्त खरेदीच्या पावतीत पडायचा, म्हणून वजनमापाच्या सरकारी तपासणीवाल्यांनी नुसती वजनं ठेवून पाहिली तर काटा सरळ.

वीस किलो पाहून तिला राग आला. दुसरी ओळ मात्र तिने तीनदा वाचली.

ती उठून सरळ भाऊच्या टेबलाशी गेली. तो आधी हसला, मग म्हणाला, "अवं, जिनिंगवाल्याची मागणी होती. सगळेच करते. वीस किलोनं कोण मरून राहिलं?"

"अन् माहं नाव काहून टाकलं, भाऊ?"

त्याने चहाचा कप उचलला, रिकामा पाहून परत ठेवला. "तूच तं लिहिलं ना सारं. उद्या कोणी वजनाचं विचारलं तं..."

"पाच वर्षं ओवाळलं तुले मी," ती म्हणाली. रडू फुटलं तिला, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. असल्या माणसापुढे रडायचं? पर्स उचलून ती जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कळमेश्वरला जिनिंगच्या फाटकावर पोचली. काट्यापुढे ट्रॅक्टरची रांग होती. नत्थूजींचा पुढे, त्याच्यामागे रुपरावांचा. पोरीला पाहून म्हातारा ट्रॉलीवरून उतरला आणि रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "पाहा, खुद्द मालकीणबाई आली!"

"बाबा, गाड्या वळवा," ती म्हणाली. "हा काटा खोटा हाय. दर ट्रॉलीमागं वीस किलो खाऊन राहिला. दोन वर्षांपासून." सुशीलभाऊने काय केलं तेही तिने तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं.

नत्थूजींनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते म्हणाले, "रुपराव, तुया शब्दावर येत होतो गा आमी." आणि ट्रॅक्टर वळवायला लागले.

रुपराव तिच्याजवळ आले. मग हळूच म्हणाले, "तुले माहीत नव्हतं ना, पोरी?"

"नाही, बाबा."

जन्मात कधी बापाने तिला असं विचारलं नव्हतं. त्यांनी मान हलवली, खरं मानल्यासारखी, आणि ट्रॅक्टरवर चढले. चावी फिरवण्याआधी थांबून म्हणाले, "घरी चाल. ते भिंतीवरची पावती तूच काढ. माह्यानं नाई निघत."